‘उघड’ कोण म्हणणार

गल्लीच्या तोंडाशी जे कुलपांचं दुकान आहे, तिथल्या बाईला सगळे किल्लीताई म्हणतात. हे नाव तिला मुळीच आवडत नाही. पण ठेवताना तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि आता तक्रार करायची तर कुणाकडे? चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि राग त्याच्याही थोडा पुढे, असा तिचा अवतार. दुकान तिच्या बाबांनी थाटलेलं. बाबा आता थकले होते, काठी घेऊन चालत होते, तरी सकाळी दुकान उघडलं की मागच्या बाकावर बसून किल्ल्यांना कानस मारायचे. घरी बसा म्हटलं की त्यांचं डोकं दुखायला लागायचं. दुकानात आले की थांबायचं.

बाबांचा एक नियम होता, आणि तो त्यांनी लेकीच्या हाडात मुरवला होता. कुणाचंही कुलूप उघडायचं झालं तर मालक समोर हवा. मालकाने स्वतःच्या तोंडाने ‘उघड’ म्हणायचं. कुलूप निघालं की आपण मागे सरायचं आणि तोंड फिरवायचं. दार मालकानेच ढकलायचं. “आपण कुलूप उघडतो, घर नाही,” असं बाबा म्हणायचे.

हा नियम ती इतका कडक पाळायची की गल्लीतली माणसं वैतागायची. समोरची इस्त्रीवाली मावशी एकदा बाहेर अडकली. आत शेगडीवर दूध, आणि ही पिन हातात घेऊन उभी. “मावशी, उघड म्हणा.” मावशी म्हणाली, “अगं भवाने, मी काय बंद कर म्हणायला आलेय का?” तरी तिने म्हणवून घेतलंच. दूध उतू गेलं. ती गोष्ट मावशी अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते.

आता एवढ्या कडक बाईच्या स्वतःच्या दुकानाला कसलं दार असेल? ऐकून हसाल. साधं लाकडी दार, त्याला एक जुनी कडी, आणि चौकटीवर कोयंडा, ज्याचे स्क्रू बाहेरून ढळढळीत दिसायचे. कडीत कितीही भारी कुलूप घाला, कुणीही पेचकस आणून कोयंडाच उचकटला असता. जगाला पक्की कुलपं विकायची आणि आपल्या दाराला हे. किल्लीताईला त्याची इतकी लाज वाटायची की गिऱ्हाईक आलं की ती चौकटीला टेकून उभी राहायची. “बाबा, तो कोयंडा बदला.” “बदलू.” हे संभाषण वर्षानुवर्षं चाललं होतं.

तर अशा या दुकानात एका सकाळी पालिकेचे टेपवाले साहेब आले. त्यांच्या खिशात कायम मोजायची टेप असायची, म्हणून ते नाव. बरोबर एक शिपाई होता.

“ताई, हत्यारं घ्या आणि चला,” साहेब म्हणाले. “त्या सुताराची शेड उघडायचीय.”

सुतार म्हणजे रंधाकाका. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला त्यांची पत्र्याची शेड. त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं आणि ते दवाखान्यात पडून होते.

“काका आले की उघडू,” ती म्हणाली.

“आम्हाला आज बघायचंय. त्यांनी आत परवानगीपेक्षा मोठं मशीन बसवलंय, अशी तक्रार आहे.”

“कुणाची?”

“ते सांगता येत नाही.”

“मग कोर्टाचा कागद आणलाय?”

“नुसतं बघायला कसला कोर्टाचा कागद? आम्ही काही नेणार नाही. बघणार आणि जाणार.”

“मग तुमच्या घरी मी येते बघायला. काही नेणार नाही.”

“माझ्या घरात काय आहे बघण्यासारखं?”

“ते बघितल्याशिवाय कसं कळणार?”

शिपायाला हसू आलं. त्याने ते खोकल्यात ढकललं. टेपवाले साहेब तसे वाईट माणूस नव्हते. पण त्यांना आजवर कुणी नाही म्हटलेलं नव्हतं, त्यामुळे नाही ऐकल्यावर चेहऱ्याचं काय करायचं हे त्यांना सुचेना. “हे दुकान कुणाच्या परवानगीने चालतं, माहीत आहे ना?” ते म्हणाले.

“दुकान बाबांच्या पैशाने झालं आणि माझ्या हातांनी चालतं,” ती म्हणाली. “परवानगी तुम्ही नंतर लावलीत.”

हे बोलायला नको होतं. तिलाही ते बोलता बोलताच कळलं. पण तिच्या तोंडाला कधी कडी नव्हती.

साहेब बाहेर गेले. वर बघितलं. दुकानाच्या दारावर बाबांनी लाकडाची एक भली मोठी किल्ली करून टांगली होती, हातभर लांब, पिवळी रंगवलेली. साहेबांनी टेप काढली. “ही रस्त्यावर आलीये.”

“रस्त्यावर कुठे? डोक्यावर आहे ती.”

“रस्त्याच्या वरची हवा रस्त्याचीच असते.”

किल्लीताईने कपाळाला हात लावला. हवेचा मालक तिने पहिल्यांदाच बघितला होता.

त्यानंतर जे सुरू झालं त्याने तिच्या नाकी नऊ आले. नोटीस आली. ती पालिकेत गेली. खिडकीतल्या बाईंनी सांगितलं, किल्ली ठेवायची तर परवानगी घ्या. परवानगीच्या खिडकीवर सांगितलं, आधीपासून विनापरवाना किल्ली असेल तर परवानगी देता येत नाही, ती काढून टाका. “काढली तर परवानगी कशाला लागेल?” तिने विचारलं. “तेच तर,” तो माणूस म्हणाला, आणि पुढच्याला हाक मारली. तिने संतापाच्या भरात ती लाकडी किल्ली खाली उतरवली, काखेत धरून त्या खिडकीपाशी नेली आणि टेबलावर आदळली. त्यावर तिला कळलं की किल्ली काढल्याचं बघायला माणूस येईल, आणि तो माणूस म्हणजे टेपवाले साहेब.

ते आले ते मोजायला नाहीच. दुकानाच्या दारातलं बाकडं पायवाटेवर आलंय, तेलाचे डबे आत जास्त आहेत, आणि अधिकाऱ्याशी असहकार्य. दुकान बंद.

“बंद म्हणजे?”

“म्हणजे सील. पुढचा आदेश येईपर्यंत.”

साहेब गल्ल्याच्या फळीवर कागद पसरून पंचनामा लिहायला बसले. बाबा मागच्या बाकावर होते, त्यांच्यासमोर व्हाइसमध्ये, म्हणजे लोखंडी पकडीत, अर्धवट कानसलेली किल्ली होती. “ही पुरी करू का?” त्यांनी विचारलं. शिपायाने त्यांना दंडाला धरून उठवलं, तसे हळूच धरून, पण धरूनच. किल्लीताईने ते बघितलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या डोळ्यांदेखत तिच्या बापाला त्याच्या बाकावरून उठवलं होतं, आणि ती काही करू शकली नव्हती.

सगळे बाहेर आले. साहेबांनी पिशवीतून कुलूप काढलं. नुसतं दाबलं की बंद होणारं, चांगलं पितळी. ते बघून तिला हसावं की रडावं कळेना. ते तिच्याच दुकानातनं पालिकेने नेलेलं होतं. पण विकलं म्हणजे त्यांचं झालं, त्याबद्दल तिचं काही म्हणणं नव्हतं. खटकन कुलूप बसलं. त्यावर कागदाची पट्टी, पट्टीवर लाख, लाखेवर शिक्का.

मग बाबा घरी बसले. डोकं दुखू लागलं. जेवण कमी झालं. ते पलंगावर बसून बोटांनी चादरीची कड कानसल्यासारखी घासत राहायचे. किल्लीताई रोज पालिकेत जायची आणि रोज आदेशाची वाट बघ असं ऐकून परत यायची. आदेश कोण काढणार, हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं.

एक दिवस दुपारी जेवताना बाबा म्हणाले, “उघड की गं ते कुलूप. तुझ्या केसातली पिन पुरेल त्याला.”

तिने हातातला चमचा खाली ठेवला. “काय म्हणालात?”

“उघड म्हणालो. दुकान माझ्या नावावर आहे. मालक म्हणतोय.”

“दुकान तुमचं. कुलूप त्यांचं.”

“आपल्या दाराला लावलंय ना?”

“म्हणून आपलं झालं? उद्या कुणी आपल्या दाराशी सायकल लावली तर ती आपली?”

“सायकल उचलून बाजूला ठेवता येते.”

“ठेवा. पण तिचं कुलूप तोडता येत नाही.”

“अगं, तो नियम मी चोरांसाठी केला होता. सरकारसाठी नाही.”

“तेव्हा तसं बोलला नव्हतात.”

“माझाच नियम आहे, मला विचार की,” बाबा चिडून म्हणाले.

“बाबा, मी आज ते उघडलं तर त्या टेपवाल्यात नि माझ्यात फरक काय राहिला? तोही हेच म्हणत होता. मला बघायचंय, माझ्याकडे हत्यार आहे, मग मालकाला काय विचारायचं. त्याने आपलं दुकान बळकावलं म्हणून मी त्याच्या वस्तूला हात लावला, तर उद्या रंधाकाकांच्या दारात उभं राहून कुठल्या तोंडाने नाही म्हणू?”

बाबांनी ताट बाजूला सारलं. त्यांच्या ताटात होतं तसंच होतं. किल्लीताईला रडू आलं. तिला राग आला की रडू येतं, आणि रडू आलं की आणखी राग येतो, असं ते चक्र. तिरमिरीत ती तशीच उठली, चपला घातल्या आणि दुकानासमोर जाऊन उभी राहिली. केसातली पिन काढून हातात घेतली. भर दुपार होती, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. एकदा वाकून तिने कुलपात बघितलंही. आतली रचना तिला डोळे मिटून ठाऊक होती. बापाचं जेवण त्या कुलपामागे अडकलं होतं, आणि हातात पिन होती.

मग तिने पिन परत केसात खोचली, स्वतःला एक शिवी घातली आणि घरी आली. गल्लीत कुणी बघितलं नव्हतं असं तिला वाटलं, पण इस्त्रीवाल्या मावशीने बघितलं होतं. “वेडी आहे ती,” मावशी नवऱ्याला म्हणाली. “उघडून मोकळी झाली असती तर मी काय सांगायला जाणार होते का कुणाला.”

आणि इकडे पालिकेत वेगळंच नाटक चाललं होतं. ऑफिसच्या किल्ल्यांचा एक मोठा जुडगा होता, रेकॉर्ड रूमची, कपाटांची, मोठ्या साहेबांच्या टेबलाच्या खणाची अशा सगळ्या किल्ल्यांचा, आणि तो टेपवाल्या साहेबांच्या ताब्यात असायचा. त्यातच त्यांनी आपल्या घराचीही किल्ली अडकवली होती. तो जुडगा दिसेना. टेपवाले साहेब सगळ्यांना सांगत होते की घरी राहिलाय. घरी बायकोला सांगत होते की ऑफिसात राहिलाय. रेकॉर्ड रूम इतके दिवस कुणाला उघडावीशी वाटली नाही, यावरून तिथे काय काम चालतं ते समजून घ्या. पण मोठ्या साहेबांना खणातलं काहीतरी हवं झालं, आणि खण उघडेना. मग टेपवाल्या साहेबांना घाम फुटला आणि आठवलं. पंचनामा लिहिताना कागद वाऱ्याने उडू नये म्हणून त्यांनी जुडगा त्यावर ठेवला होता. कागद उचलला होता. जुडगा फळीवरच राहिला होता. आणि कुलूप नुसतं दाबून बसलं होतं.

थोडक्यात, पालिकेने किल्लीताईचं दुकान बंद केलं आणि स्वतःला बाहेर कोंडून घेतलं. त्या कुलपाची किल्लीही त्याच जुडग्यात.

ते दोघे गल्लीत आले तेव्हा किल्लीताई मावशीच्या ओट्यावर बसून गुंड्या लावायला मदत करत होती. बाबाही तिथेच खुर्चीत होते. मावशीने त्यांना मुद्दाम बोलावून घेतलं होतं, घरात कोमेजतायत म्हणून. मोठे साहेब गाडीतून उतरले. हळू आवाजाचा, दमलेला माणूस. त्यांच्या मागून टेपवाले साहेब, मान खाली घालून.

“ताई,” मोठे साहेब म्हणाले, “एक छोटंसं काम आहे.”

काम ऐकल्यावर मावशीने तोंडाला पदर लावला आणि खांदे हलेपर्यंत हसली. किल्लीताई हसली नाही. तिला या क्षणी हसण्याइतकी फुरसत रागाने दिली नव्हती.

“उघडते,” ती म्हणाली. “मालकाने उघड म्हणावं.”

“उघड,” टेपवाले साहेब घाईने म्हणाले.

“कुलूप तुमचं आहे?”

“माझं म्हणजे, ऑफिसचं.”

“मग ऑफिसच्या मालकाला बोलवा.”

टेपवाल्या साहेबांनी मोठ्या साहेबांकडे बघितलं. “मी प्रमुख आहे,” मोठे साहेब म्हणाले. “मालक नाही. आणि सील तोडायचं तर मला कारण लिहावं लागेल. ते वर जाईल.”

“वर कुणाकडे?”

“समितीकडे.”

“समिती मालक आहे का?”

“समिती जनतेच्या वतीने काम बघते.”

“म्हणजे जनता मालक,” मावशी मध्येच म्हणाली. “जनता म्हणजे आम्हीच ना? मग मी म्हणते, उघड गं.”

“तसं नसतं बाई. तुम्ही एकट्या म्हणजे जनता नाही.”

“मग किती बायका लागतात?”

एव्हाना आजूबाजूची माणसं जमली होती. मोठे साहेब अवघडले. त्यांना उघड म्हणायचं नव्हतं, कारण म्हटलं की ते त्यांच्या नावावर लागणार. टेपवाल्या साहेबांना म्हणायचं होतं, पण त्यांना कुणी म्हणू देत नव्हतं. दोघे कोपऱ्यात जाऊन कुजबुजले. तोंडी सांगितलं तर चालेल का, सही नको. कुलूप काढून लगेच परत लावलं तर सील तुटलं असं म्हणायचं का. लाख कुठे मिळते. किल्लीताई हे सगळं ऐकत उभी होती आणि तिचं डोकं ठणकायला लागलं होतं. बंद करताना सगळे मालक होते. शिक्का होता, पट्टी होती, बापाला उठवायला हात होते. उघडायची वेळ आली तर त्यांच्यात मालक म्हणून एकही माणूस सापडेना.

“तुमच्या घराची किल्लीपण त्यातच आहे ना?” तिने टेपवाल्या साहेबांना विचारलं.

“हो.”

“तुमच्या घराचा मालक कोण?”

“मी,” ते म्हणाले. विचारसुद्धा करावा लागला नाही.

“बघा.”

टेपवाले साहेब आता खरोखर टेकीला आले होते. दिवसभर मोठ्या साहेबांची बोलणी खाल्ली होती, आणि बायको आपली किल्ली घरात विसरून शेजारणीकडे बसली होती. “अहो, तुम्ही काय आमची परीक्षा घेताय?” ते ओरडलेच. “दार तुमचं आहे. दुकान तुमचं आहे. स्वतःच्या दुकानात जायला तुम्हाला माझ्या तोंडून काय ऐकायचंय?”

मोठ्या साहेबांनी डोळे मिटून घेतले.

किल्लीताई चष्म्यावरून त्यांच्याकडे बघत राहिली. “परत म्हणा,” ती म्हणाली. “दार कुणाचं?”

“तुमचं.”

“माझं नाही, बाबांचं. चौकट?”

“त्यांचीच.”

“आणि चौकटीवरचा कोयंडा?”

साहेबांनी दाराकडे बघितलं. तेव्हा कुठे त्यांना ते स्क्रू दिसले. त्यांचा चेहरा पडला.

तिला स्वतःलाही ते त्या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं, हे तिने नंतर कबूल केलं. इतके दिवस ती कुलपाकडेच बघत होती, कारण तिला कुलपं दिसतात. ज्याची जन्मभर लाज वाटली, ज्याच्यावर पाठ टेकवून ती उभी राहायची, ते तिथेच होतं. तिने मावशीकडे हात पुढे केला. “मावशी, इस्त्रीचा प्लग खोलायला तुमच्याकडे पेचकस आहे, तो द्या.” तिची स्वतःची हत्यारं सगळी आत होती.

पेचकस आला. ती चौकटीपाशी गेली, पण लगेच हात लावला नाही. मागे वळून म्हणाली, “बाबा, इकडे या.”

बाबा काठी टेकत टेकत आले.

“म्हणा.”

“काय म्हणू?”

“जे मालक म्हणतो ते.”

बाबांनी एकदा दोन्ही साहेबांकडे बघितलं. “उघड,” ते म्हणाले. एवढंच. त्याला समिती लागली नाही.

स्क्रू जुने होते, तरी लोण्यातून निघाल्यासारखे निघाले. कोयंडा चौकटीवरून सुटला आणि कडीला लटकला. त्यात कुलूप तसंच. बंद. पट्टी शाबूत, लाख शाबूत, शिक्का शाबूत. पालिकेच्या वस्तूला कुणाचं बोटही लागलं नव्हतं. किल्लीताई सवयीने मागे सरली आणि तिने तोंड फिरवलं. बाबांनी काठीच्या टोकाने दार ढकललं आणि ते आपल्या दुकानात गेले.

टेपवाले साहेब त्यांच्यामागून घाईघाईने निघाले. फळीवरचा जुडगा बाहेरूनच दिसत होता. उंबऱ्यापाशी बाबांनी काठी आडवी धरली. जोरात नाही. नुसती धरली.

साहेब थांबले. मागे गल्ली बघत होती, पुढे काठी होती. त्यांनी आजवर किती दारांतून पाय आत टाकला असेल, पण हे वाक्य त्यांना कधी लागलंच नव्हतं. ते त्यांना जरा शोधावंच लागलं.

“येऊ का आत?” ते म्हणाले.

बाबांनी वेळ घेतला. बाकाकडे बघितलं, व्हाइसमध्ये त्यांची अर्धी किल्ली तशीच होती. कानस होती. तेलाचे डबे होते. मग त्यांनी काठी बाजूला घेतली. “या,” ते म्हणाले. “पाय पुसून या.”

साहेबांनी पाय पुसले.

पुढे काय झालं म्हणाल, तर फार काही नाही. सील कायद्याने अजून लागलेलंच होतं, असं मोठे साहेब म्हणाले. पण ते तुटलेलं नसल्यामुळे काही लिहावं लागणार नव्हतं, आणि जुडगा कुठे होता हेही लिहावं लागणार नव्हतं, त्यामुळे प्रकरण नंतर बघू असं ठरलं. त्या ऑफिसातलं नंतर काय असतं ते सगळ्यांना माहीत आहे. कुलूप कडीला लटकतंच राहिलं. रोज रात्री बाबा कोयंडा त्याच स्क्रूंनी परत बसवायचे, सकाळी सोडवायचे, आणि तो बदलायचं नाव काढायचं नाही असं त्यांनी बजावलं. पिवळी किल्ली पालिकेतून परत आली, ती आता दुकानाच्या आत भिंतीला टेकून उभी आहे. बाहेरच्या हवेचं पालिका बघून घेईल. बाबा जेवायला लागले.

आणि रंधाकाका दवाखान्यातून आले. पोटाला पट्टा बांधून हळूहळू चालत त्यांनी शेड उघडली आणि मशीनवर काम सुरू केलं. थोड्या दिवसांनी टेपवाले साहेब गल्लीत दिसले. सगळ्यांच्या माना वळल्या. साहेब शेडपाशी गेले, थांबले आणि त्यांनी पत्र्यावर टकटक केली. खरंच केली. किल्लीताई दुकानाच्या दारातून बघत होती. तिच्या हातातलं काम थांबलं होतं.

“काका, येऊ का? मशीन बघायचं होतं.”

आतून रंधाकाकांचा आवाज आला. “आज नको.”

साहेब क्षणभर उभे राहिले. मग खिशातली टेप चाचपत आल्या वाटेने परत गेले.

आता इथपर्यंत सगळं तिच्या मनासारखं झालं होतं. पण किल्लीताई काही समाधानाने बसणारी बाई नाही. साहेब वळणावर दिसेनासे झाले तशी ती तरातरा शेडपर्यंत गेली आणि बाहेरूनच म्हणाली, “अहो काका, तुमच्यापायी माझं दुकान बंद पडलं, बाबांचं जेवण गेलं. आत असं आहे तरी काय? मोठं मशीन आहे का?”

“नाही गं. जुनंच आहे. पालिकेला चालेल असंच.”

“मग दाखवायचं होतं ना एकदाचं त्याला. मिटलं असतं.”

“दाखवलं असतं,” काका आतून शांतपणे म्हणाले. “आज मूड नव्हता.”

किल्लीताईने दातओठ खाल्ले. एवढा ताप, एवढे हेलपाटे, एवढी रडारड, आणि आत साधं जुनं मशीन. पत्र्याचं दार अर्धवट लोटलेलं होतं. नुसती मान लांबवली असती तर तिला सगळं दिसलं असतं, आणि तिला ते बघायचं होतं, अगदी आत्ता, या क्षणी, नाहीतर डोकं फुटेल असं बघायचं होतं.

तिने तोंड फिरवलं. “मी येऊ का?” तिने भिंतीकडे बघत विचारलं.

आत रंधा लाकडावर फिरत होता.

“तू पण उद्या ये,” काका म्हणाले.

आणि ती, काय करणार, गेली परत.